हॅस्केलमध्ये पार्सर लायब्ररी निवडताना: देवनागरी खर्चवहीवर घेतलेली परीक्षा

१२ जून, कोथिंबीर आणि मिरच्या, ३५.५०

घरखर्चाच्या फाइलमधली ही एक ओळ. तारीख, कशावर खर्च झाला आणि किती. हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत ती वाचून तिचे तीन तुकडे करायचे, एवढंच काम आहे. भाषेची तोंडओळख झालेल्या माणसाला ते एका संध्याकाळचं वाटतं. मग तो हॅकेजवर, म्हणजे हॅस्केलच्या पॅकेजांच्या सार्वजनिक कोठारात, ‘पार्सर’, म्हणजे मजकूर वाचून त्याचे तुकडे करणारा कोड, असा शोध घेतो आणि समोर रांगच उभी राहते: पार्सेक, मेगापार्सेक, ॲटोपार्सेक, फ्लॅटपार्स. शिवाय भाषेसोबत येणारं रीड-पी आहेच. यातलं नेमकं कुठलं घ्यायचं?

नवीन मंडळी मला हा प्रश्न नेहमी ‘सगळ्यात चांगली कुठली?’ असा विचारतात. तसं विचारलं की उत्तर मिळत नाही. स्वतःच्या फाइलमधल्या खऱ्या दहा ओळी घ्या आणि त्या प्रत्येक लायब्ररीला घाला, एका संध्याकाळीत उत्तर हाती येतं. आपली फाइल देवनागरीत असेल तर हे फारच खरं आहे, कारण या लायब्रऱ्यांची ओळख करून देणारे जवळजवळ सगळे लेख रोमन अक्षरांवरच्या उदाहरणांनी भरलेले असतात.

पुढे आज्ञांची आणि फंक्शनची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच ती रोमनमध्ये करायची.

पायरी १: आधी परीक्षेच्या ओळी लिहा

लायब्ररी उघडण्याआधी एक छोटी फाइल तयार करा. तिच्यात सरळ ओळींबरोबर त्रास देणाऱ्या ओळीही हव्यात. माझ्या फाइलमध्ये या असतात: वर दिलेली कोथिंबिरीची ओळ, ‘भाजी’ आणि ‘भाडे’ या सारख्या सुरुवातीच्या शब्दांच्या दोन ओळी, ‘दुसऱ्या हप्त्याची फी’ अशी ऱ्य असलेली ओळ, एक ओळ इंग्रजी आकड्यांत (0 ते 9), आणि एक मुद्दाम चुकवलेली, जिच्यात स्वल्पविराम राहून गेला आहे. शेवटची सर्वांत महत्त्वाची. बरोबर ओळ सगळ्याच लायब्रऱ्या वाचतात, चुकलेल्या ओळीवर त्या काय बोलतात यावरून त्यांच्यातला फरक कळतो.

पायरी २: मजकूर कुठल्या टाइपमध्ये ठेवायचा ते ठरवा

पार्सरच्या आधीची ही निवड आहे, आणि नवखा माणूस बहुतेक वेळा इथेच अडखळतो. हॅस्केलमध्ये मजकुराचे तीन मुख्य टाइप, म्हणजे डेटाचे प्रकार, भेटतात.

पहिला स्ट्रिंग. ही एकेका अक्षराची साखळी असते. ६४-बिट यंत्रावर साखळीची एक कडी २४ बाइटची, आणि देवनागरी अक्षर साठवायला आणखी १६. रोमन अक्षरांच्या तयार प्रती जीएचसी हा हॅस्केलचा कंपाइलर सगळीकडे वाटून वापरतो; देवनागरीला ती सवलत नाही. म्हणजे ‘मराठी’ या शब्दाला साधारण २०० बाइट. शिकण्यापुरतं ठीक आहे, पण पुढे जाऊन बदलावंच लागतं.

दुसरा टेक्स्ट. मजकुरासाठी हाच घ्या. २०२१ च्या अखेरीस आलेल्या २.० आवृत्तीपासून तो आतून यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची एक पद्धत) वापरतो, त्याआधी यूटीएफ-१६ वापरायचा. देवनागरीच्या एका चिन्हाला पूर्वी २ बाइट लागत, आता ३ लागतात, म्हणून आपल्यासाठी जागा थोडी वाढली. पण आपल्या फाइल यूटीएफ-८ मध्येच असतात, त्यामुळे वाचताना रूपांतर करावं लागत नाही. मला हा सौदा पटतो.

तिसरा बाइटस्ट्रिंग. हा मजकुराचा टाइप नाहीच, नुसत्या बाइटचा आहे. त्याचं ‘चार-एट’ नावाचं मॉड्यूल मात्र मजकुराचा असल्यासारखं दिसतं, आणि तिथेच घात होतो. त्यातलं ‘पॅक’ हे फंक्शन प्रत्येक चिन्हाचे शेवटचे ८ बिट ठेवतं आणि वरचे टाकून देतं. माझ्या पहिल्या खर्चवहीत मी तेच वापरलं होतं. कंपाइलरने हूं की चूं केलं नाही, आणि फाइलमध्ये ‘मराठी’ च्या जागी एक टिंब, एक शून्य, एक ‘पेक्षा मोठे’ चं चिन्ह, एक रिकामी जागा आणि शेवटी ईमेलच्या पत्त्यात असतं ते ॲट चिन्ह उमटलं. म चा युनिकोड क्रमांक २३५०. त्यातून २३०४ गळाले की उरतात ४६, आणि ४६ म्हणजे टिंब. बाकीच्या चिन्हांचंही तेच झालं. माझ्या तीन महिन्यांच्या नोंदी अशा गेल्या. त्या परत येत नाहीत, कारण वरचे बिट कुठेही साठवलेले नसतात. ‘ओव्हरलोडेड स्ट्रिंग्ज’ ही भाषेची सोय चालू असताना अवतरणातला मजकूर थेट बाइटस्ट्रिंग म्हणून लिहिलात तरी हेच होतं. म्हणून नियम साधा ठेवा: बाइट वाचा, लगेच ‘डीकोड-यूटीएफ-८’ ने टेक्स्ट करा, आणि पुढचं सगळं टेक्स्टमध्ये.

विंडोजवर साधं ‘रीडफाइल’ यंत्राच्या स्थानिक एन्कोडिंगवर विसंबतं, त्यामुळे देवनागरी फाइल उघडताना चुकीच्या बाइटची तक्रार येऊ शकते. टेक्स्टच्या २.१ आवृत्तीत यासाठी यूटीएफ-८ चं वेगळं वाचन-मॉड्यूल आलं आहे. ते वापरा.

आणखी एक गोष्ट, ज्यामुळे अनेकांना उगाच वाटतं की लायब्ररी बिघडली: ‘प्रिंट’ ने ‘मराठी’ छापलं की पडद्यावर २३५०, २३५२ असे आकडे तिरप्या रेघांसह दिसतात. मजकूर शाबूत असतो. ‘पुट-स्ट्रिंग-लाइन’ ने छापा, अक्षरं दिसतील.

पायरी ३: हॅकेजचं पान वाचायला शिका

यावर फार वेळ घालवू नका, पण तीन ठिकाणं बघाच. पहिलं, अवलंबनांची यादी (ही लायब्ररी कुठल्या पॅकेजांवर उभी आहे) आणि त्यातला ‘बेस’ च्या चालणाऱ्या आवृत्त्यांचा पल्ला. बेस ही भाषेची पायाभूत लायब्ररी, आणि तिची आवृत्ती कंपाइलरशी बांधलेली असते: जीएचसी ९.४ बरोबर बेस ४.१७, ९.६ बरोबर ४.१८. तुमच्या कंपाइलरचा बेस पल्ल्याबाहेर असेल तर कबाल, म्हणजे पॅकेजं बसवणारं साधन, सुरुवातीलाच नकार देईल. दुसरं, आवृत्तीचा क्रमांक. हॅस्केलच्या रिवाजात पहिले दोन आकडे मिळून मोठी आवृत्ती ठरते. ते बदलले की तुमचा कोड मोडू शकतो असा इशारा समजायचा. तिसरं, उलट अवलंबनं, म्हणजे इतर किती पॅकेजं हिच्यावर उभी आहेत.

शेवटची आवृत्ती कधीची आहे यावरून मात्र घाईने निकाल देऊ नका. शुद्ध फंक्शनांची छोटी लायब्ररी पूर्ण झाली की पूर्ण होते, तिला दर महिन्याला हात लावायची गरज नसते. हॅकेजवर पॅकेजचे पल्ले नवीन आवृत्ती न काढताही सैल करता येतात आणि तशी सुधारणा झाल्याची नोंद पानावर दिसते. ती ताजी असेल तर कुणीतरी लक्ष ठेवून आहे.

स्टॅकेजचाही उपयोग करा. तिथे एकमेकांबरोबर कंपाइल होतात अशीच पॅकेजं एका संचात ठेवलेली असतात. तुमची उमेदवार लायब्ररी ताज्या दीर्घकालीन संचात असेल तर जुळणीची निम्मी काळजी मिटते. आणि फंक्शनचं नाव आठवत नसेल, फक्त काय देऊन काय हवंय तेवढं माहीत असेल, तर हूगलवर, म्हणजे हॅस्केल फंक्शनांच्या शोधयंत्रावर, टाइप लिहून शोधा. इतर भाषांमधून आलेल्यांना ही सोय माहीत नसते, म्हणून आवर्जून सांगतो.

पायरी ४: प्रकल्प न उभारता लायब्ररी चाखा

जीएचसीअप या इन्स्टॉलरने कंपाइलर आणि कबाल बसवलेत की ‘कबाल रेपल’ ही आज्ञा ‘बिल्ड-डिपेंड्स’ पर्यायासह द्या आणि पुढे पॅकेजचं नाव लिहा. लायब्ररी तात्पुरती बसते आणि तुम्ही सरळ प्रयोग करू लागता. चार लायब्रऱ्यांसाठी चार खिडक्या उघडून तीच ओळ चारही ठिकाणी देता येते. किती पॅकेजं ओढली जाणार हे आधी पाहायचं असेल तर प्रकल्पात ‘कबाल बिल्ड’ ला ‘ड्राय-रन’ जोडा.

पायरी ५: एकच ओळ, चार लायब्रऱ्या

पार्सेक, मेगापार्सेक, ॲटोपार्सेक आणि रीड-पी (फ्लॅटपार्स शेवटी बघू), या सगळ्या कॉम्बिनेटर पद्धतीच्या आहेत: एक आकडा वाचणारा छोटा पार्सर, स्वल्पविराम वाचणारा दुसरा, आणि असे तुकडे साध्या फंक्शनांसारखे जोडत मोठा पार्सर. त्यामुळे कोड वरवर सारखाच दिसतो. फरक तीन जागी आहेत: शब्द कुठे संपला हे कसं ठरवता, पर्याय चुकला की मागे कोण फिरतं, आणि चूक कशी सांगितली जाते.

पहिल्या फरकापासून सुरू करू, कारण तो आपल्या लिपीचा आहे. ‘एक किंवा अधिक अक्षरं’ असा पार्सर लिहिलात, म्हणजे मेगापार्सेकचा ‘लेटर-चार’ किंवा पार्सेक आणि ॲटोपार्सेकचा ‘लेटर’, आणि त्याला ‘कोथिंबीर’ दिलंत, तर तो फक्त ‘क’ वाचून थांबेल. हे सगळे पार्सर आतून ‘इज-अल्फा’ वर चालतात, आणि युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार ही अक्षरं नाहीत, खुणा आहेत. ‘इज-मार्क’ ही कसोटी जोडली की बरंचसं काम होतं, पण ‘दुसऱ्या’ मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: एकात नुक्तेवाला ऱ येतो, दुसऱ्यात साधा र, पाय मोडल्याची खूण आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. ते जोडचिन्ह अक्षरही नाही आणि खूणही नाही. पार्सर तिथे पुन्हा अडतो, आणि डोळ्यांना काही दिसत नाही म्हणून चूक सापडायला तास जातो.

माझा उपाय असा: शब्दात काय चालेल ते मोजत बसू नका, शब्द कशाने संपतो ते सांगा. स्वल्पविराम किंवा ओळीचा शेवट येईपर्यंत सगळं घ्या. मेगापार्सेकमध्ये ‘टेक-व्हाइल-वन-पी’, ॲटोपार्सेकमध्ये ‘टेक-व्हाइल-वन’, रीड-पी मध्ये ‘मंच-वन’. पार्सेकमध्ये ‘नन-ऑफ’ ला ‘मेनी-वन’ लावा. मेगापार्सेक आणि ॲटोपार्सेकमधली ही फंक्शनं टेक्स्टचा सलग तुकडा उचलतात, त्यामुळे ती एकेक चिन्ह गोळा करण्यापेक्षा वेगवानही आहेत.

आकड्यांचंही असंच. पार्सेक, मेगापार्सेक आणि ॲटोपार्सेकचे तयार अंक-पार्सर फक्त इंग्रजी 0 ते 9 ओळखतात. ‘इज-नंबर’ देवनागरी अंक घेतं, पण अर्धा-पाव यांची चिन्हंही घेतं. तेव्हा ‘० ते ९ या देवनागरी पल्ल्यात आहे का’ अशी स्वतःची एका ओळीची कसोटी लिहा आणि चिन्हाच्या क्रमांकातून २४०६ वजा करा, अंक हाती येतो. रक्कम पैशांमध्ये पूर्णांक म्हणून ठेवा: ३५.५० म्हणजे ३५५०. दशांशाच्या डबल टाइपमध्ये पैसे ठेवले की वर्षाअखेर बेरीज जुळत नाही.

दुसरा फरक, मागे फिरण्याचा. ‘भाजी किंवा भाडे’ असा पर्याय लिहा आणि ‘भाडे’ द्या. पार्सेक ‘भाजी’ वाचायला लागतो, भ आणि काना गिळतो, ज च्या जागी ड पाहून थांबतो, आणि दुसरा पर्याय बघतच नाही, कारण त्याच्या नियमाप्रमाणे मजकूर खाल्ला की तो पर्याय पक्का. पहिल्या पर्यायाभोवती ‘ट्राय’ गुंडाळलं तरच तो मागे जातो. मेगापार्सेकचा ‘स्ट्रिंग’ स्वतःच मागे फिरतो. पण अनेक तुकडे जोडून केलेल्या पार्सरला तिथेही ‘ट्राय’ लागतो. ॲटोपार्सेक नेहमीच मागे फिरतो. त्यात ‘ट्राय’ आहे, पण तो केवळ सुसंगतीसाठी ठेवलेला, करत काहीच नाही. रीड-पी दोन्ही पर्याय बरोबरीने चालवतो आणि जमतील तेवढ्या उत्तरांची यादी देतो. ‘मंच-वन’ ऐवजी ‘मेनी-वन’ वापरलंत तर ‘क’, ‘को’, ‘कोथ’ अशी सगळी अर्धवट उत्तरंही त्या यादीत येतील, तेव्हा गोंधळू नका.

पार्सेकचा हा पक्केपणा सुरुवातीला जाचक वाटतो. मला तो आवडतो. पार्सर ठाम राहतो म्हणूनच तो चुकीची नेमकी जागा सांगू शकतो.

म्हणजे तिसरा फरक. स्वल्पविराम राहिलेली ओळ द्या. मेगापार्सेकचा ‘एरर-बंडल-प्रिटी’ ओळीचा क्रमांक, ती मूळ ओळ, चुकीच्या जागेखाली खूण, काय मिळालं आणि काय अपेक्षित होतं, हे सगळं मांडून देतो. तुमच्या पार्सरला तुम्ही ‘रक्कम’ असं मराठी नाव चिकटवलं असेल तर ‘एक्स्पेक्टिंग रक्कम’, म्हणजे रक्कम अपेक्षित, असंही येतं. घरातल्या कुणालाही तो संदेश दाखवून ‘इथे स्वल्पविराम घाल’ म्हणता येतं. एक बारकावा: स्तंभाचा क्रमांक युनिकोड चिन्हांप्रमाणे मोजला जातो. ‘मराठी’ आपल्याला तीन अक्षरं दिसतात, मोजणीत ती पाच भरतात. म्हणून देवनागरी ओळीत सांगितलेला स्तंभ डोळ्यांच्या मोजणीपेक्षा पुढे असतो. पार्सेकही ओळ आणि स्तंभ देतो, मांडणी साधी असते. ॲटोपार्सेक वाचन अडलं एवढंच सांगतो, ओळ क्रमांक नाही. रीड-पी काहीच सांगत नाही, रिकामी यादी परत करतो.

तर निवड कशी करायची? माणसाने हाताने लिहिलेली फाइल असेल तर मेगापार्सेक. तो २०१५ मध्ये पार्सेकपासूनच वेगळा निघाला, आणि साध्या मजकुरात हिशेब ठेवणारा हेलेजर हा हॅस्केलमधला कार्यक्रम आपल्या नोंदवह्या त्यानेच वाचतो, म्हणजे आपल्यासारख्याच कामावर तो तावून सुलाखून निघाला आहे. टाइपमध्ये ‘व्हॉइड’ लिहावं लागतं त्याने बिचकू नका. ‘माझे स्वतःचे वेगळे चुकीचे प्रकार नाहीत’ एवढाच त्याचा अर्थ. जुने लेख वाचताना सावध राहा: ७ व्या आवृत्तीत चुका परत करण्याची रीत बदलली, त्याआधीचं उदाहरण जसंच्या तसं कंपाइल होणार नाही.

नेट नसलेल्या वर्गात शिकवायचं असेल तर पार्सेक, कारण तो जीएचसीबरोबरच येतो. पॅनडॉकसारखा मोठा दस्तऐवज-परिवर्तक त्याच्यावर वर्षानुवर्षं उभा आहे. यंत्राने लिहिलेल्या नोंदी, नेटवर्कवरून तुकड्या-तुकड्याने येणारा मजकूर, असं काही असेल तर ॲटोपार्सेक. तो मजकूर अर्धवट मिळाला तरी थांबून पुढचा तुकडा मागतो. म्हणूनच नुसतं ‘पार्स’ चालवलं की ‘पार्शल’ असं उत्तर येतं आणि नवखे बुचकळ्यात पडतात. सगळा मजकूर हातात असेल तर ‘पार्स-ओन्ली’ वापरा. रीड-पी पाच-दहा ओळींच्या कामाला उत्तम. कबालनेही स्वतःच्या प्रकल्प-फाइल वाचायला आधी तोच वापरला होता, २.२ आवृत्तीपासून तो पार्सेककडे गेला.

फ्लॅटपार्स अतिशय वेगवान आहे, थेट यूटीएफ-८ बाइटवर चालतो. पण चुका कशा सांगायच्या ते बरंचसं तुम्हालाच रचावं लागतं. घरखर्चाच्या वहीत वर्षाला दोन-तीन हजार ओळी होतील. तेवढ्यासाठी वेगाचा विचारच नको. कधी मोजायची वेळ आलीच तर टेस्टी-बेंच या वेग मोजणाऱ्या लायब्ररीने मोजा, ती त्याच कामाच्या क्रायटेरियनपेक्षा हलकी आहे, आणि मोजताना स्वतःचीच देवनागरी फाइल द्या.

पायरी ६: बेरीज करताना पुन्हा तीच कसोटी

ओळी वाचून झाल्या की प्रकारवार बेरीज करायची. इथे कंटेनर्समधला ‘मॅप’ की अनऑर्डर्ड-कंटेनर्समधला ‘हॅशमॅप’, असा प्रश्न येतो. हॅशमॅप बहुतेक वेळा वेगवान असतो. पण २०२१ मध्ये असं दाखवलं गेलं की मुद्दाम एकाच हॅशच्या (किल्लीवरून काढलेल्या आकड्याच्या) किल्ल्या पाठवून त्याला गुडघ्यावर आणता येतं, आणि त्यामुळे जेसॉन या डेटा-स्वरूपातला मजकूर वाचणाऱ्या एसन लायब्ररीला आपला ऑब्जेक्टचा टाइपच बदलावा लागला. बाहेरून येणाऱ्या किल्ल्यांसाठी मी मॅप घेतो. तो क्रमही राखतो.

पण कुठला क्रम? युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसला आहे. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. ‘कळ’, ‘कवच’, ‘कहर’ हे तीन शब्द मॅपमध्ये टाका, ‘कळ’ आधी येईल. वर्णमालेप्रमाणे तो शेवटी हवा. यासाठी दोन वाटा: टेक्स्ट-आयसीयू, जी आयसीयू या सी लायब्ररीवर अवलंबून आहे आणि डोळ्यांना दिसणारी अक्षरंही मोजून देते, पण विंडोजवर बसवताना दमवते; आणि युनिकोड-कोलेशन, जी शुद्ध हॅस्केलमध्ये आहे. दोन्हींना भाषा मराठी आहे हे स्पष्ट सांगा आणि हेच तीन शब्द द्या.

नुक्तेवाला ऱ एकसंध किंवा र आणि नुक्ता असा सुटा येतो, त्या दोन रूपांची एकवाक्यता करायला युनिकोड-ट्रान्सफॉर्म्स पुरेशी आहे. न दिसणाऱ्या जोडचिन्हाचं रूप मात्र अशा सामान्यीकरणाने बदलत नाही. ते स्वतः बदलून घ्या, वाचल्या-वाचल्या, पार्सरच्याही आधी. नाहीतर ‘दुसऱ्या हप्त्याची फी’ बेरजेत दोन वेगवेगळ्या नावांनी दिसेल.

पायरी १ मधली फाइल फेकू नका. ती प्रकल्पात चाचणी म्हणून ठेवा, ‘कबाल फ्रीझ’ ने आवृत्त्या गोठवा, आणि कुठलीही लायब्ररी पुढच्या मोठ्या आवृत्तीला नेताना आधी ती चालवा. स्वल्पविराम नसलेली ओळ अडली पाहिजे, आणि ‘कळ’ शेवटी आला पाहिजे.